जुन्या चाबीचं पत्र

दिवसभरात माझ्या प्रोग्रामच्या हातून कितीतरी पत्रं उघडतात. त्यातलं एकही मला आलेलं नसतं, आणि मी त्यातलं एकही वाचत नाही.

पुण्याच्या एका कंपनीचं काम मी गावात, वडिलांच्या घरी बसून करते. कंपनीचे ग्राहक म्हणजे बाहेरदेशातली रुग्णालयं आणि तपासणीच्या लॅब. त्यांच्याकडे येणारी ई-मेल कुलूपबंद असते, एन्क्रिप्ट केलेली. वाटेत कोणाच्या हाती लागली तरी नुसता अक्षरांचा चिवडा दिसावा अशी. ती उघडून ज्या त्या खात्याकडे धाडायचं काम माझा प्रोग्राम करतो. तो लिहिणं, दुरुस्त करणं आणि तो रुसला की त्याची समजूत काढणं हे माझं काम.

कोणी विचारलंच तर मी सोपं करून सांगते. प्रत्येकाकडे दोन वस्तू असतात. एक सर्टिफिकेट. ते खुशाल जगाला वाटायचं. त्याच्या आधाराने कोणीही तुमच्यासाठी पत्राला कुलूप घालू शकतं. दुसरी प्रायव्हेट की, म्हणजे चाबी. ती कोणालाच द्यायची नाही, कारण ते कुलूप फक्त तिनेच निघतं. पत्राच्या पाकिटावर सर्टिफिकेटचा नंबर असतो. माझा प्रोग्राम आधी आपलं सर्टिफिकेट त्याच्याशी जुळवून पाहतो, जुळलं तर चाबी लावतो आणि पत्र बाहेर काढतो. एवढंच आहे. पण विचारतं कोण? गावात सगळ्यांची समजूत अशी की मी दिवसभर कंप्युटरवर सिनेमे पाहते. कंपनीतल्यांची समजूत अशी की मी आंब्याच्या सावलीत खाट टाकून काम करते. सकाळच्या मीटिंगमध्ये एक जण रोज म्हणतो, "मॅम, तुमची मजा आहे बुवा." मी माइक बंद करून त्याला जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वडील आजारी पडले तेव्हा मी पुणं सोडून आले. घरून काम करायची तेव्हा सगळीकडेच रीत पडली होती, त्यामुळे कंपनीने हरकत घेतली नाही. पुढे वडील गेले आणि मी मात्र परत गेले नाही. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यावर मला काही लिहायचं नाही. पुण्यात माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं. इथेही नव्हतं, पण निदान घर आपलं होतं. भंडारा जिल्ह्यात कोंढ्याच्या बाजूचं आमचं गाव, चारी अंगांनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. अड्याळच्या बाजारात गेलं की ओळखीची माणसं विचारतात, "कवा आल्या?" मी कायमची राहायला आलेय हे सांगून सांगून थकले, तरी पुढच्या बाजाराला प्रश्न तोच. आता मी "कालच आली" म्हणते आणि वांगी घेऊन निघते.

एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही. दुपारी जेवताना मी रेडिओ लावते तो बातम्यांसाठी नाही, आपल्याच जेवणाचा आवाज आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून लावते. रविवारी तर कधी कधी संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द निघालेला नसतो, आणि मग दूधवाल्याशी बोलताना घसा खाकरावा लागतो. तो बिचारा दर वेळी विचारतो, "तब्येत बरी नाई का?"

अशात शेजारची पोरगी येऊ लागली.

विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, माझ्या परसातून दिसतं. मायलेकी दोघीच. वडील ती लहान असतानाच गेलेले. आईने दोन बांध्या स्वतः रोवून, दुसऱ्यांच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला जाऊन हिला नर्सिंगपर्यंत शिकवलं. पोरीने नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी केली आणि तिथल्याच एका मैत्रिणीच्या नादाने जर्मनीला जायचं डोक्यात घेऊन नोकरी सोडून घरी आली. तिथे नर्स हव्या आहेत, पण त्यांची भाषा शिकावी लागते, परीक्षा द्याव्या लागतात. भाषेचा क्लास संध्याकाळी ऑनलाइन असायचा. त्यांच्या घरात नेट धड येत नाही आणि माझ्याकडे वाय-फाय आहे. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, मी ओसरीतच बसीन. तुमाले तरास नाही देनार."

मी गावची लेक, म्हणून गल्लीतल्या सगळ्या पोरांची आत्या. पण "आत्या" म्हणून हाक मारून कोणी घरात बसलेलं नव्हतं. मी तिला ओसरीत बसू दिलं नाही, आत टेबलापाशी बसवलं. नंतर नंतर तिचा क्लास सुरू व्हायच्या आधीच मी चहाचं आधण ठेवू लागले. माझं काम आटोपलेलं असायचं. मी भाजी निवडत बसायची आणि तिचं जर्मन कानावर पडायचं. तिचं पाठांतर घेता घेता मलाही बरंच येऊ लागलं. त्यांच्या भाषेत चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक. पोरगी म्हणायची, "अशानं यांच्या सैपाकघरात भांडनं होत असतील आत्या." तिच्या हसण्याचा आवाज घरभर जायचा. मला ती संध्याकाळ हवी असायची. दुपारी दोनपासूनच मी घड्याळाकडे पाहू लागायची, आणि एखाद्या दिवशी तिचा क्लास नसला तर मला तिच्या मास्तरणीचा राग यायचा.

एका जर्मन रुग्णालयाने तिचा अर्ज विचारात घेतला. त्यांनी कळवलं की पासपोर्ट, मार्कशीट असली खाजगी कागदपत्रं उघड्या मेलने पाठवू नका, आम्हीही पाठवत नाही; एन्क्रिप्ट करून पाठवा. पोरीकडे होता तो एक स्वस्तातला स्मार्टफोन. ती घाबरून माझ्याकडे आली तेव्हा मला हसू आलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या कामाचा माझ्या गल्लीत कोणाला तरी उपयोग होणार होता. मी तिच्या नावाचं सर्टिफिकेट काढून दिलं, चाबी तयार केली, आणि तिच्यापुरता एक छोटा प्रोग्राम लिहिला. तिकडून पत्र आलं की तिच्या फोनवर नुसती एक बंद फाइल दिसायची. ती फाइल माझ्याकडे यायची, मी प्रोग्राम चालवायची, आणि आम्ही दोघी शब्दकोश घेऊन ते पत्र वाचायला बसायचो.

जर्मन लोकांचं काम शिस्तीचं असतं असं मी ऐकून होते. शिस्तीचं असेल, पण चटपटीत मुळीच नाही. हा कागद, तो शिक्का, अमुक विषयाचे तास कमी पडतात त्याचा खुलासा, असं करता करता सर्टिफिकेटची वर्षाची मुदत संपली. मी नवीन काढलं, नवी चाबी केली, नवं सर्टिफिकेट रुग्णालयाला पाठवलं. तिकडून पोच आली. राहिली जुनी चाबी. माझी मशीन कंपनीची. काम चालू असेतो ठीक, पण दुसऱ्याची चाबी नंतर तिच्यावर पडून राहू द्यायची नाही हा माझा नियम आहे. मी जुनी चाबी आणि जुनं सर्टिफिकेट एका पेन ड्राइव्हवर घेतलं, मशीनवरून पुसलं आणि पेन ड्राइव्ह पोरीला दिला. जुनी पत्रं पुन्हा उघडायची वेळ आली तर लागेल, म्हटलं. तिने तो घरी नेऊन आईला दिला. त्यांच्याकडे जपायच्या सगळ्या वस्तू आईकडेच असतात. दुसऱ्या दिवशी ती माउली परसाच्या कुंपणाशी येऊन मला विचारून गेली, "बाई, ह्याले काय जपाचं असते?"

मी म्हटलं, "काही नाही वहिनी. ही तुमच्या पोरीची चाबी आहे. कोणालेच द्याची नाही."

तिने मान हलवली. मी ते वाक्य कामाच्या सवयीने बोलून गेले होते.

रोवण्याचे दिवस आले. पोरगी शेवटच्या परीक्षेसाठी नागपूरला गेली, मैत्रिणीकडे राहिली. माझी संध्याकाळ पुन्हा पहिल्यासारखी झाली. बाहेर झडीचा पाऊस, घरात कोंदट ओल, दाराला फुगोटा येऊन ते लागेना. बुधवारी दुपारी पोरीचा फोन आला. तिकडून मेल आली होती. पत्राचा मजकूर कुलपात असला तरी विषयाची ओळ उघडीच असते, ती कोणालाही वाचता येते. त्या ओळीत लिहिलं होतं: करारपत्र, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवावं.

"आत्या, लवकर उघडा ना," ती म्हणाली. तिला धाप लागली होती.

मी फाइल घेतली, प्रोग्राम चालवला. प्रोग्राम म्हणाला, या सर्टिफिकेटशी जुळणारं पाकीट इथे नाही. मी पुन्हा चालवला. मशीनला दोनदा विचारलं म्हणून तिचं उत्तर बदलत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे, तरी चालवला. मग पाकिटावरचा नंबर काढून पाहिला. तो जुन्या सर्टिफिकेटचा होता. तिकडच्या ऑफिसात कोणीतरी नाव शोधताना जुन्या सर्टिफिकेटवर बोट ठेवलं होतं. मुदत संपलेली होती, पण त्यांच्या यंत्राला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता ते पत्र नव्या चाबीने उघडणार नव्हतं. जुनी चाबी होती ती वहिनीकडे.

आम्ही आधी दुसरी वाट धरली. मी पोरीच्या नावाने तिकडे लिहिलं की पत्र नव्या सर्टिफिकेटने पुन्हा पाठवा. लगेच आपोआप आलेलं उत्तर: मी रजेवर आहे, दोन आठवड्यांनी परत येईन. पोरीने नागपूरहून फोन लावला, मोडक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं. ज्याने उचलला त्याने सौजन्याने सांगितलं की ही फाइल त्या रजेवरच्या बाईंकडेच असते, त्या आल्या की बोला. शुक्रवार उलटला तर काय, हे त्याला माहीत नव्हतं. पोरीला मात्र माहीत होतं. तिच्या मैत्रिणीची जागा अशाच एका मुदतीपायी दुसरीला गेली होती.

मग तिने आईला फोन केला. थोड्या वेळाने तिचा मला फोन.

"आई म्हन्ते सापडून नाही राहिली. आत्या, तुम्ही जाऊन पाहा ना. माहा उद्या पेपर आहे." आणि ती रडू लागली.

मी छत्री घेतली आणि वहिनीच्या बांधीकडे गेले. धुऱ्यावर, म्हणजे खाचराच्या बांधावर, पाय ठरत नव्हता, म्हणून चपला हातात घेतल्या. बाया ओळीने वाकून रोवत होत्या, पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या पेंड्या पाण्यात तरंगत होत्या. मला पाहून एकीने आवाज दिला, "या बाई, कंप्युटर घेऊन आल्या का? लावा येथं, लवकर रोवून होईल." सगळ्या हसल्या. वहिनी हसली नाही. तिने मला पाहिलं, हातातली पेंडी रोवून संपवली आणि मगच धुऱ्याशी आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ.

"वहिनी, ते पेन ड्राइव्ह पाहिजे होतं," मी म्हटलं. "पोरीचं पत्र आलं आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर नाही गेलं तर तिची नोकरी जाईल."

"तुम्हीच त सांगतलं होतं, कोनालेच द्याची नाई."

"मी मागून राहिली ना आता."

"तुमालेबी नाई असंच त झालं ना थे." ती बोटांवरचा चिखल दुसऱ्या हाताने पुसत होती. पुसून पुसून हात तेवढाच मळका. "सापडत नाई, असं सांगतलं मी तिले. सापडत नाई असं नाई. तांदळाच्या डब्यात हाय." मग ती एकदम म्हणाली, "थे उघडलं त पोरगी जाईल, बाई."

मागे बायांची ओळ पुढे सरकून गेली होती. तिची जागा तेवढी रिकामी राहिली होती. यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला माहीत होतं. पोरीने किती मेहनत घेतली, किती वर्षं गेली, लेकरांच्या आड येऊ नये, हे सगळं माझ्या तोंडात तयार होतं. पण त्यातलं काही निघालं नाही. मी म्हटलं, "पाहा तुम्ही. ठरवा." आणि वळले.

परत येताना मला हलकं वाटत होतं. हे मी सरळच लिहिते, कारण दुसरं काही लिहिणं खोटं होईल. मी विचारायचं ते विचारलं होतं. आई देत नाही म्हणते, त्याला मी काय करणार? पोरगी आठवडाभर रडेल, मग घरी येईल, संध्याकाळी टेबलापाशी बसेल. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू. नाहीतर भंडाऱ्याला सरकारी दवाखान्यात लागेल, एसटीने येऊन-जाऊन करील. माझ्या डोक्यात मी तिची बदलीसुद्धा अड्याळला करून टाकली होती. पोरीला मी एवढंच कळवलं की आई शोधते आहे, तू पेपरकडे लक्ष दे.

गुरुवारी दुपारी मीटिंग चालू असताना मागच्या दारातून वहिनी आली. मी कॅमेरा बंद केला. रोवणं टाकून ती कधी येत नाही. मजुरी बुडते म्हणून नाही, बायांची ओळ मोडते म्हणून. पाय धुऊन आली होती, पण नखांत चिखल तसाच. पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. त्याला तांदळाचा पांढरा भुगा लागला होता.

"घ्या," ती म्हणाली. "आता तुमच्या हातात हाय."

मी तो पुसला. तिने माझ्याकडे पाहिलं, चांगलं टक लावून पाहिलं. "नसन उघडत त तसं सांगा," ती म्हणाली. "यंत्राचं काय, चालते, नाई चालत. मी पोरीले समजावून सांगीन."

मला वाटलं, ती मलाच धीर देते आहे. बायाबापड्यांनी डॉक्टरला म्हणावं तसं.

मी पेन ड्राइव्ह लावला. फाइलीला पासवर्ड होता, तो पोरीने आदल्या दिवशीच मला सांगून ठेवला होता. तिचा पेपर चालू असणार, त्यामुळे फोन बंद होता. मी प्रोग्राममध्ये नव्याच्या जागी जुनं सर्टिफिकेट दिलं, जुनी चाबी दिली. वहिनी माझ्या मागे उभी होती, खुर्ची दिली तरी बसली नाही. मी बटण दाबलं.

या वेळी पाकीट जुळलं. पडद्यावर आधी थोडा चिवडा सरकून गेला आणि मग सरळ ओळी दिसू लागल्या. वर पोरीचं नाव, त्याआधी त्यांचं ते आदराचं संबोधन. पत्र लहान होतं. आम्हाला कळवताना आनंद होतो. सोबत करार. सही करून शुक्रवारपर्यंत. पुढच्या दोन ओळींत राहायच्या खोलीबद्दल होतं, की खोली लहान आहे पण खिडकीतून नदी दिसते.

ते वाचायला मला शब्दकोश लागला नाही. तरी मी पडद्याकडे खूप वेळ पाहत राहिले. त्या घरात त्या वेळी जर्मन वाचता येणारी मी एकटी होते.

"काय म्हन्ते?" वहिनीने विचारलं. "नाई उघडलं ना?"

"उघडलं," मी म्हटलं. "घेतलं तिले. करार पाठवला आहे."

वहिनीने टेबलाची कड धरली. मग म्हणाली, "बरं झालं," आणि मागच्या दारातून निघून गेली. मी खिडकीतून पाहिलं तर ती घराकडे वळली नाही, बांधीकडेच गेली. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. कॅमेरा बंद होता हे नशीब. कोणीतरी मीटिंगमध्ये विचारत होतं की मॅम आहेत का, आवाज येतोय का.

पेपर संपल्यावर पोरीला कळवलं. ती फोनवर इतकी जोरात ओरडली की मी फोन कानापासून दूर धरला. तिने नागपुरातच करार छापून घेतला, सही केली, फोटो काढून मला पाठवला; मी तो रुग्णालयाच्या सर्टिफिकेटने कुलूपबंद करून शुक्रवारी सकाळीच पाठवून दिला. परीक्षाही ती पास झाली. व्हिसाचं काम दिवाळीनंतर उरकलं. धान कापून झालं होतं, बांध्यांत नुसते खुंट उरले होते, तेव्हा ती गेली. विहारात वंदना झाली, सगळ्यांना खीर दिली. पोरगी सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापाशी आली आणि माझ्या कानात जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. मला ते कळलं नाही. इतकं साधं वाक्य असेल, पण त्या गडबडीत मला कळलं नाही, आणि परत विचारायला मला लाज वाटली.

ती गेल्यावरही चार दिवस संध्याकाळी माझ्या हातून दोघींच्या चहाचं आधण ठेवलं गेलं. मग तेही थांबलं. ती सुरुवातीला रोज फोन करायची, व्हिडिओवर खोली दाखवायची, नदी दाखवायची, बर्फ दाखवायची. मग ड्यूटी सुरू झाली. कधी इकडे नेट नसायचं, कधी तिकडे ती झोपलेली असायची. आता रविवारी करते. तिच्या घरी आवाज तुटतो म्हणून वहिनी फोन घेऊन माझ्याकडे येते. आम्ही दोघी टेबलावर फोन उभा करून ठेवतो आणि बसतो. ती समोर आली की वहिनी विचारते, "जेवली का?" मीही तेच विचारते. मग पोरगीच काहीतरी सांगत राहते.

परवाच्या रविवारी फोन आला नाही. आम्ही वाट पाहिली. मी दोनदा लावून पाहिला, उचलला गेला नाही. ड्यूटी बदलली असेल, मी म्हटलं. वहिनी उठली नाही. मी शेंगा फोडत होते, तिनेही ताटातल्या मूठभर उचलल्या. बराच वेळ आम्ही शेंगा फोडत राहिलो.

"बाई, एक विचारू का?" ती म्हणाली.

"विचारा ना."

"त्या दिवशी थे पत्र उघडलं, त तुम्ही सांगतलं काहून?"

मला आधी तिचं म्हणणंच समजलं नाही. "म्हणजे?"

"मले वाचता येत नाई थे. तुम्ही नाई उघडलं म्हनलं असतं त मी मानलं असतं. पोरीनंबी मानलं असतं." ती शेंगांकडे पाहत बोलत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी माय हाय. माह्यानं नाई म्हनवत नव्हतं. चाबी दाबून ठेवली असती त जल्मभर पोरीच्या तोंडाकडे पाहता आलं नसतं. म्हून तुमाले आनून देल्ली. मी म्हनलं, पोरगी गेली त माह्यापेक्षा बाईलेच जड जाईल. मले बांधी हाय, बाया हायेत. बाईले कोन हाय? बाई म्हनतील, नाई उघडत. मले त तेच वाटलं होतं."

मी हातातली शेंग ताटात ठेवली. मी घसा खाकरला; या वेळी समोर दूधवाला नव्हता, वहिनी होती.

"मीबी तेच धरून होती, वहिनी," मी म्हटलं. "की तुम्ही चाबी देनारच नाही."